यंदा अँटिव्हायरस टाकायचा का?

माझ्या दुकानातल्या टेबलाच्या खालच्या खणात सव्वापाच इंची फ्लॉपीचं एक पाकीट आहे. आत फ्लॉपी एकच. या फ्लॉपीच्या उजव्या कडेला चौकोनी खाच असते. त्या खाचेवर मी १९९४ साली चिकटवलेली काळी पट्टी अजून घट्ट बसलेली आहे. खाच झाकली की फ्लॉपीवरचं वाचता येई, पण तिच्यावर नवं काही लिहिता येत नसे. डॉसची स्वच्छ प्रत आणि व्हायरस शोधणारा एक प्रोग्राम, एवढाच तिच्यावरचा ऐवज. व्हायरस लागलेल्या मशीनमध्ये ती घालायची, मशीन तिच्यावरूनच सुरू करायचं आणि मग हार्ड डिस्क तपासायला घ्यायची. पट्टी लावायची राहिली तर मशीनमधला व्हायरस फ्लॉपीवर चढायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे तो मीच नेऊन पोचवणार. म्हणून बॅगेत या पट्ट्या नेहमी जास्तीच्या ठेवायचो.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. कराडात त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोन पिढ्या त्यांना बाईच म्हणतात, मीही त्यातलाच. घरच्या कॉम्प्युटरवरच्या विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपत आली होती. "अरे, यंदा अँटिव्हायरस टाकायचा का रे? भाचा म्हणतो विंडोजमध्ये असतोच, कशाला पैसे घालवतेस."

मी लगेच उत्तर दिलं नाही. तीस वर्षांत याच प्रश्नाला मी वेळोवेळी वेगवेगळं उत्तर देत आलो आहे, आणि ते का बदलत गेलं हे सांगितल्याशिवाय आजचं उत्तर कुणाला पटायचं नाही.

आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरचा पहिला व्हायरस १९८६ साली लाहोरात तयार झाला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांचं तिथं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांनी लिहिलेल्या वैद्यकीय प्रोग्रामच्या चोरून प्रती निघत होत्या. अशा प्रती सापडाव्यात म्हणून आपण तो व्हायरस लिहिला, असं त्यांनी पुढं सांगितलं. व्हायरसच्या आत त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत, जाऊन बसायचा आणि फ्लॉपीचं नाव बदलून 'ब्रेन' करायचा. डेटा पुसावा असा त्याचा हेतू नव्हता. पण फ्लॉपीची प्रत निघाली की तोही पुढं जायचा, आणि फ्लॉपीच्या प्रती तर जगभर निघत होत्या. चोरीची प्रत आणि व्हायरस यांची गाठ अशी पहिल्याच दिवशी बसली. ती अजून सुटलेली नाही, म्हणून हे आधी सांगतो.

पुढच्या एक-दोन वर्षांत अँटिव्हायरसचा धंदा उभा राहिला. अमेरिकेत जॉन मॅकॅफी, इंग्लंडमध्ये ॲलन सॉलोमन, स्लोव्हाकियातले नॉड हा अँटिव्हायरस लिहिणारे दोन तरुण, सगळे १९८७-८८ च्या आसपासचे. काम करायची रीत बहुतेकांची एकच. प्रत्येक व्हायरसच्या पोटात अक्षर-आकड्यांची एक रांग अशी असते की जी दुसऱ्या कशात सहसा सापडत नाही. ती त्याची खूण. अशा खुणांची यादी करायची आणि मशीनमधली प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून बघायची. पोलीस ठाण्यात सराईतांचे फोटो लावलेले असतात, तसंच हे. ज्याचा फोटो नाही तो दारातून सरळ आत. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकानं तर ऐंशीच्या दशकातच गणितानं सिद्ध करून ठेवलं होतं की सगळे व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम कुणालाच लिहिता येणार नाही. तेव्हा सगळी मदार यादी किती ताजी आहे यावर.

आणि यादी यायची कशी? कराडला तेव्हा इंटरनेट नव्हतं. मी महिन्या-दीड महिन्यातून एकदा पार्ट आणायला पुण्याला जायचो, तेव्हा नव्या यादीची फ्लॉपी घेऊन यायचो. म्हणजे माझी यादी कधी आठवड्याची, कधी सहा आठवड्यांची. गिऱ्हाइकाच्या मशीनवरची त्याहून जुनी, कारण मी तिथं जाईन तेव्हाच ती बदलायची.

"सोबत येणारा अँटिव्हायरस पुरेसा आहे का" हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो पहिल्यांदा पडला १९९३ साली. आदल्या वर्षी, ६ मार्च १९९२ ला, मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसनं जगभर घबराट उडवली होती. त्या चित्रकाराच्या वाढदिवशी तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. पन्नास लाखांपर्यंत मशीनं बंद पडतील असे आकडे छापून आले. प्रत्यक्षात बंद पडली ती काही हजार. पण व्हायरस हा शब्द त्या एका आठवड्यात घरोघरी पोचला आणि अँटिव्हायरस धडाधड विकले गेले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टनं डॉसच्या सहाव्या आवृत्तीत स्वतःचा अँटिव्हायरस दिला. तो मुळात सेंट्रल पॉइंट नावाच्या कंपनीकडून घेतलेला होता. निळ्या पडद्यावर दिसायला छान. गिऱ्हाईक म्हणायचं, आता तुमचा कशाला, यात आहेच की.

मी तेव्हा सांगायचो की पुरेसा नाही, आणि कारण एकच द्यायचो. डॉस एकदा मशीनवर टाकलं की वर्षानुवर्षं तेच चालायचं. त्यासोबतची यादीही तिथंच थांबलेली. नवी यादी वेगळी मागवावी लागे, आणि आमच्याकडे ती कुणीही मागवली नाही. चोरांचे जुने फोटो घेऊन पहारेकरी दारात उभा होता. पुढं विंडोज ९५ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं हा अँटिव्हायरस काढूनच टाकला, आणि घरगुती कॉम्प्युटरचं दार पुढची बरीच वर्षं बाहेरच्या कंपन्यांच्या हवाली राहिलं.

त्या बाहेरच्यांत एक नाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं निघालं याचा मला फार अभिमान आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले. मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान, मग कॉम्प्युटर. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशीनचं मूळ दुखणं व्हायरस असायचं. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीनं तेच नाव घेतलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे शेअर बाजारात आले. लोक शेअरच्या भावाबद्दल बोलतात. मला पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलाचं मोल जास्त वाटतं. आपल्याकडच्या मशीनना काय लागतंय हे त्या टेबलावर दिसत होतं, आणि यादी आपल्या हाताशी पुण्यात तयार होत होती.

आता २६ एप्रिल १९९९. सोमवार होता. दुकान उघडायच्या आत घरचा फोन वाजला. एका डीटीपीवाल्याचा आवाज होता, "मशीन चालूच होईना." मी गेलो. बटण दाबलं की पंखा फिरायचा, हार्ड डिस्कचा आवाज यायचा, पण पडद्यावर काही नाही. सुरू होताना एक बारीक 'टीं' होतो तोही नाही. मी रॅम काढून खोडरबरानं पुसून बसवली. कार्डं काढली. पॉवर सप्लाय बदलून पाहिला. तोवर दुसऱ्या तिघांचे निरोप आले होते, आणि तिघांचं दुखणं हेच.

तो सीआयएच होता. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानं १९९८ मध्ये लिहिलेला. तारीख चेर्नोबिलच्या अपघाताची पडली म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. तो जेमतेम एक केबीचा होता आणि फाइलमधल्या रिकाम्या फटींत तुकडे करून बसायचा, त्यामुळे फाइलचा आकारही वाढत नसे. ठरलेल्या तारखेला तो दोन कामं करायचा. हार्ड डिस्कचा पहिला एक एमबी पुसायचा, आणि मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपवर कचरा लिहायचा. बायोस गेला की मशीनला आपण मशीन आहोत हेही कळत नाही. सगळ्याच बोर्डांवर हे दुसरं काम त्याला जमायचं नाही. या बोर्डावर जमलं होतं. मी ती चिप बारीक स्क्रू ड्रायव्हरनं दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलत काढली, पाय वाकू नयेत म्हणून थर्माकोलच्या तुकड्यात खोचली आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला लॅमिंग्टन रोडला पुन्हा लिहून आणायला पाठवली.

चिप चार दिवसांनी परत आली, मशीन सुरू झालं. हार्ड डिस्कवरचं मात्र मला परत मिळवता आलं नाही. त्या डिस्कवर एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची एकशे साठ पानं होती, पेजमेकरमध्ये लावून तयार झालेली. दुसरी प्रत नव्हती. प्रुफांचे कागद शाळेत होते, म्हणून वाचलं. डीटीपीवाला आणि त्याची बायको बारा रात्री बसून ते पुन्हा टाइप करत होती. मी दोनदा जेवणाचा डबा घेऊन गेलो, त्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

त्या मशीनवर अँटिव्हायरस होता. यादी जानेवारी १९९८ ची होती, म्हणजे हा व्हायरस जन्माला यायच्या आधीची. १९९८ च्या उत्तरार्धातली कुठलीही यादी असती तर त्यानं तो पकडला असता. व्हायरस आला होता एका सीडीवरून, बाजारात शंभर-दीडशेला मिळणाऱ्या नकली प्रोग्रामांच्या.

पुढचा काळ झरझर गेला. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाची ईमेल सुटली, २००३ मध्ये ब्लास्टर आला, आणि इंटरनेटला नुसतं जोडलेलं मशीनसुद्धा आजारी पडू शकतं हे कळलं. पण कराडसारख्या गावात खरा वाहक पेन ड्राइव्ह होता. लग्नपत्रिकेची फाइल डीटीपीवाल्याकडून प्रेसला, फोटो स्टुडिओतून घरी, प्रोजेक्ट सायबर कॅफेतून कॉलेजला, सगळं त्या एका काडीवरून. पेन ड्राइव्हवर ऑटोरनची एक छोटी फाइल असायची. मशीनला लावला रे लावला की ती आपली आपण चालायची. आणखी एक युक्ती होती. व्हायरस तुमचे खरे फोल्डर लपवायचा आणि त्याच नावाच्या, फोल्डरचंच पिवळं चित्र लावलेल्या स्वतःच्या प्रती तिथं मांडायचा. माणूस फोल्डर समजून दोनदा क्लिक करायचा आणि व्हायरस स्वतःच्या हातानं चालू करायचा. रोज एखादी आई रडवेली होऊन यायची, "बाळाचे सगळे फोटो गेले हो दादा." मी काळा पडदा उघडून ॲट्रिब या कमांडची एक ओळ टाइप करायचो, लपवलेले फोल्डर पुन्हा दिसू लागायचे. तिचा चेहरा बघून दिवस सार्थकी लागायचा.

त्या वर्षांत मी सगळ्यांना विकतचा अँटिव्हायरस घ्यायला लावला, आणि ते बरोबरच होतं. विंडोज एक्सपीत अँटिव्हायरस नव्हताच. मायक्रोसॉफ्ट मात्र हळूहळू परत येत होतं. २००३ मध्ये त्यांनी रुमेनियातल्या जीकॅड कंपनीचं अँटिव्हायरसचं काम विकत घेतलं. २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनं फायरवॉल आपोआप चालू ठेवली. २००६ मध्ये वनकेअर आलं, ते पैसे भरून घ्यायचं होतं आणि चाललं नाही. मग २००९ च्या सप्टेंबरात सिक्युरिटी इसेन्शियल्स, फुकट. पण ते टाकताना तुमची विंडोज अस्सल आहे का हे तपासलं जाई. आमच्याकडे तेव्हा विंडोजची एकच सीडी पन्नास मशीनना लागायची. मीही लावली आहे, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. फुकटचा पहारेकरी आला, पण आमच्या बहुतेक घरांना तो मिळालाच नाही. २०११ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमध्येही पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारं अपडेट दिलं. माझ्या मते त्या एका अपडेटनं कितीतरी अँटिव्हायरसपेक्षा जास्त काम केलं. पण नकली विंडोजवाले बहुतेक जण अपडेट बंदच करून ठेवायचे, प्रत पकडली जाईल या भीतीनं.

२०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर पहिल्यांदा पुरता अँटिव्हायरस म्हणून विंडोजच्या आत बसला. मी तेव्हाही नाहीच म्हणालो. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या तपासणी संस्थेनं त्याच वर्षाअखेरीस त्याच्याच भाऊबंदाला, सिक्युरिटी इसेन्शियल्सला, प्रमाणपत्र नाकारलं होतं, आणि माझ्या टेबलावर येणारी मशीनंही तेच सांगत होती. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच संस्थेनं डिफेंडरला अठरापैकी अठरा गुण दिले. मधल्या काळात फरक पडला तो १९९३ मध्ये जे नव्हतं त्याचा. यादी आता विंडोजच्याच वाटेनं दिवसातून अनेकदा आपोआप येते. अनोळखी फाइल दिसली की डिफेंडर इंटरनेटवरून विचारून घेतो. कुणी पुण्याला जायची गरज उरलेली नाही.

दारच मोडकं असेल तर पहारेकऱ्याचाही इलाज चालत नाही, हे १२ मे २०१७ ला दिसलं. त्या शुक्रवारी वॉनाक्राय सुटला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांचं काम अडलं. तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं त्यांच्या मशीनमध्ये त्या भोकातून तो शिरू शकला नाही. जवळजवळ दोन महिने हाताशी असलेलं औषध ज्यांनी घेतलं नाही, त्यांनी भोगलं.

हे सगळं मनात असताना मी बाईंच्या घरी जाऊन त्यांचं मशीन बघितलं. आजकाल मी सगळ्यात आधी बघतो ते विंडोज अस्सल आहे का. नकली विंडोज चालू करायला जे 'ॲक्टिव्हेटर' फिरतात, त्यातल्या पुष्कळांच्या सूचनेत पहिली ओळच असते की आधी डिफेंडर बंद करा. माणूस स्वतः पहारेकऱ्याला घरी पाठवतो आणि अनोळखी फाइलला आत घेतो. अशा मशीनवर कुठल्याही कंपनीचा अँटिव्हायरस टाकला तरी मी भरवसा देत नाही. लाहोरच्या भावांनी चोरीच्या प्रतीवर जे बसवलं होतं, त्याचीच ही पुढची पिढी आहे.

बाईंची विंडोज अस्सल होती, पण विंडोज १०. तिची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. डिफेंडरची यादी अजून येते, पण विंडोजमध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवणारं अपडेट आपोआप येत नाही, जास्तीच्या मुदतीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. त्यांचं मशीन विंडोज ११ ला चालणारं होतं, मी ते चढवून दिलं. विकतचा अँटिव्हायरस काढला. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो, म्हणून काढल्यावर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन तो जागा झाला का ते बघितलं. ढालीच्या चित्रावर हिरवी खूण आली.

एक उणं सांगायला हवं. इंटरनेट नसताना डिफेंडरची ओळखशक्ती काही विकतच्या अँटिव्हायरसपेक्षा कमी पडते, हे चाचण्यांत दिसतं. ज्याचं मशीन बहुतेक वेळ नेटशिवाय चालतं आणि दिवसाला दहा लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, त्या झेरॉक्सवाल्याला मी अजून विकतचाच घ्यायला सांगतो. बाईंच्या घरी तसं काही नाही. त्यांच्याकडे पाठ्यपुस्तक मंडळासाठी केलेल्या कामाच्या जुन्या फाइली आहेत, नातवंडांचे फोटो आहेत आणि बँकेचं काम आहे.

बँकेच्या कामाला धोका आहे, पण तो कॉम्प्युटरमधून येत नाही. फोनवर कुणी पोलीस असल्याचं भासवून 'डिजिटल अटक' झाली असं सांगतो, कुणी बँकेतून बोलतोय म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो. माणूस स्वतःच परवानगी देत असल्यानं त्याला कुठलाच अँटिव्हायरस धड अडवू शकत नाही. मी बाईंच्या टेलिफोनजवळच्या वहीत सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. पैसे गेले असं वाटलं तर पहिल्या तासात तिथंच फोन करायचा.

बाईंनी तीन वर्षांच्या लायसन्सचे पैसे पाकिटात घालून आणले होते. त्यांना मी सांगितलं, बाई, विंडोजमधला तुम्हाला पुरेसा आहे, विकतचा घेऊ नका. या पैशांत थोडी भर घालून बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फाइली तिच्यावर उतरवा आणि मग ती काढून कपाटात ठेवा. पहिली प्रत मीच बसून उतरवून दिली. अडीच तास लागले.